फुल स्टॅक ओपन कोर्स: काय मिळतं, कुठे अडतं, काय बाहेरून आणावं लागतं

वेब डेव्हलपमेंटचे क्लास पुण्यात गल्लोगल्ली आहेत, यूट्यूबवर तर मोजदादच नाही. बहुतेकांचा खाक्या एकच: फ्रेमवर्क (अ‍ॅप लिहायचा तयार सांगाडा) शिकवायचं, वेब नाही. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत टू-डू लिस्ट झटक्यात करता येते. पण सेव्हचं बटण दाबल्यावर सर्व्हरकडे नेमकं काय गेलं आणि तिकडून काय परत आलं, हे विचारलं की गाडी अडते. फुल स्टॅक म्हणजे ब्राउझरची बाजू (फ्रंटएंड) आणि सर्व्हरची बाजू (बॅकएंड) दोन्ही; फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा ‘फुल स्टॅक ओपन’ हा ऑनलाइन कोर्स याच प्रश्नापासून सुरू होतो. फुकटात मिळणाऱ्या कोर्सांत तो अव्वल आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तक्रारीही बऱ्याच आहेत. शिवाय तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहे तसाच करावा, असंही नाही.

आधी व्यवहाराचं. फी नाही, प्रमाणपत्रालाही पैसे नाहीत. विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग तो चालवतो आणि मट्टी लुउक्काइनेन हे त्याचे मुख्य शिक्षक. एकूण १४ भाग, क्रमांक ० ते १३. व्हिडिओ जवळजवळ नाहीतच, सगळं लिखित. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याचा धसका घेऊ नये. लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यामुळे वाक्यं छोटी आणि सरळ आहेत. कुणाच्या उच्चारांशी झटापट नाही, आणि न कळलेला परिच्छेद तीनदा वाचता येतो. मूळ कोर्स म्हणजे भाग ० ते ५; त्याला ५ युरोपीय क्रेडिट आहेत. फिनलंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण २७ तासांचं काम धरतात, म्हणजे १३५ तास झाले. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास दिले तरी तीन-साडेतीन महिने. ‘३० दिवसांत फुल स्टॅक’ अशा जाहिरातींची सवय असलेल्यांना हा आकडा टोचेल, पण खरा आकडा हाच आहे.

पूर्वतयारीबद्दल कोर्स एक-दोन ओळींतच सांगतो आणि बहुतेकजण त्या ओळी वाचत नाहीत. प्रोग्रामिंगचा पाया, डेटाबेसची तोंडओळख आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) यायला हवं. फंक्शनला फंक्शन पाठवणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो पहिल्या भागात बुडतो आणि दोष रिअ‍ॅक्टला देतो. एचटीएमएल-सीएसएसची पाटी कोरी असेल तर आधी ‘द ओडिन प्रोजेक्ट’चा फाउंडेशन्स हा टप्पा करावा, तोही फुकट आहे. गिट आणि फ्लेक्सबॉक्स (सीएसएसने मांडणी करायची पद्धत) तिथे जास्त धीराने शिकवलं आहे.

शून्यावा भाग सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोलाचा. रिअ‍ॅक्टमध्ये काही लिहायचं नाही. नोंदी साठवणारं एक जुनाट वळणाचं पान दिलेलं आहे. त्यात काहीतरी टाइप करायचं, सेव्ह दाबायचं आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये बघत बसायचं. एका क्लिकवर पाच विनंत्या जाताना दिसतात. पहिली पोस्ट, म्हणजे डेटा पाठवणारी; तिला सर्व्हर ३०२ (‘दुसरीकडे जा’) हा कोड आणि नवा पत्ता देतो. मग त्या पत्त्यावरचं पान, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट, आणि शेवटी त्या जावास्क्रिप्टने मागवलेला जेसन या मजकुरी स्वरूपातला डेटा. त्यानंतर तेच अ‍ॅप एकपानी पद्धतीने लिहिलेलं दाखवतात. तिथे एकच पोस्ट जाते, उत्तर २०१ (‘नोंद झाली’) येतं, पान हलत नाही. या दोन्हींच्या आकृत्या स्वतः काढायच्या, हाच गृहपाठ. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) त्या तयार मिळतात आणि बरेचजण उचलतातही. पण हा गृहपाठ उचललात तर कोर्स करण्यातला अर्धा अर्थ गेला. पोस्टनंतर पुनर्निर्देशन का करतात, ते न केल्यास रिफ्रेश दाबल्यावर फॉर्म दुसऱ्यांदा का जातो, पैसे भरायच्या पानावर ‘बॅक दाबू नका’ असं का लिहिलेलं असतं, हे सगळं या एका आकृतीत आहे.

करताना नेटवर्क टॅबमध्ये दोन खुणा लावून ठेवाव्यात. ‘प्रिझर्व्ह लॉग’ लावली नाही तर पान बदलताच आधीच्या विनंत्या पुसल्या जातात आणि ती ३०२ हाती लागतच नाही. ‘डिसेबल कॅश’ लावली नाही तर सीएसएस ब्राउझरच्या साठ्यातून येतं आणि विनंत्यांचा हिशोब चुकतो. कोर्सचं उदाहरण संपलं की रोजच्या वापरातली एखादी साइट घ्यावी, विद्यापीठाचं निकालाचं पान किंवा एसटीचं आरक्षण, आणि तिचीही अशीच आकृती काढावी. दोन-तीन साइट झाल्या की डोळ्यांना सवय होते.

पहिला आणि दुसरा भाग रिअ‍ॅक्टचे. शिकवणं चोख, पण इथे कोर्स वेगळा असा नाही; वेगळेपण आहे ते शिस्तीत. कन्सोल कायम उघडा ठेवा, एक छोटा बदल करा, चालतो का बघा, मग पुढचा, हे ते इतक्यांदा बजावतात की कंटाळा येतो. तरी ऐकावं. या दोन भागांत अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. अ‍ॅरेमध्ये पुश करून तोच अ‍ॅरे पुन्हा स्टेटला (रिअ‍ॅक्टने लक्षात ठेवलेल्या डेटाला) दिला की पडद्यावर काहीच बदलत नाही, कारण रिअ‍ॅक्टच्या लेखी वस्तू तीच आहे. कॉन्कॅट किंवा स्प्रेडने नवा अ‍ॅरे करावा. एका कंपोनंटच्या (पानाचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनच्या) पोटात दुसरा कंपोनंट लिहिला की प्रत्येक अक्षरागणिक इनपुटमधला कर्सर निघून जातो, कारण पडदा दर वेळी नव्याने रंगताना तो नवाच कंपोनंट ठरतो. पडदा रंगल्यावर चालणाऱ्या यूज-इफेक्टला दुसरा अर्ग्युमेंट द्यायचा राहिला आणि आत स्टेट बदलली, तर विनंत्यांचा धबधबा लागतो. आणि डेव्हलपमेंटमध्ये यूज-इफेक्टमधली विनंती दोनदा गेलेली दिसली तर घाबरू नये. ते रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड (चुका हुडकणारी तपासणी) मुद्दाम करतो, प्रॉडक्शन बिल्डमध्ये, म्हणजे लोकांसाठी चढवायच्या आवृत्तीत, एकदाच जाते.

दुसऱ्या भागात फोनबुकचं, म्हणजे नाव-नंबरांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅपचं, काम सुरू होतं आणि तिसऱ्या भागातही तेच चालतं. नंबर बदलताना पुट विनंतीत फक्त नवा नंबर पाठवला तर नाव गायब होतं. पुट म्हणजे अख्खी नोंद बदलणं, पॅच म्हणजे तेवढाच तुकडा. हा फरक व्याख्या पाठ करून डोक्यात राहत नाही, फोनबुकमधलं एक नाव उडालं की राहतो.

तिसरा भाग कोर्सचा कणा. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि त्यावरच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये सर्व्हर लिहायचा, मंगोडीबी हा डेटाबेस जोडायचा आणि सगळं इंटरनेटवर चढवायचं. आपल्याकडचे बरेच प्रोजेक्ट लॅपटॉपवर ‘चालतंय’ इथवर थांबतात, इथे थांबायची सोय नाही. मिडलवेअरचा (विनंती आणि उत्तराच्या मध्ये चालणाऱ्या फंक्शनांचा) क्रम हा इथला पहिला खड्डा. जेसन वाचणारं मिडलवेअर रूटच्या (एकेका पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडच्या) खाली गेलं की विनंतीचा बॉडी अनडिफाइन्ड येतो. चूक हाताळणारं मिडलवेअर सगळ्यात शेवटी लागतं आणि त्याला चार पॅरामीटर द्यावेच लागतात, शेवटचा वापरायचा नसला तरी. एक्सप्रेस पॅरामीटर मोजूनच ओळखतो की हा चूक हाताळणारा आहे. तीनच दिले तर तो त्याला साधं मिडलवेअर समजतो. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक (उत्तराची वाट बघणाऱ्या) फंक्शनमधली चूक आपोआप तिथपर्यंत पोचत नव्हती, ५ मध्ये पोचते. जुनी उत्तरं शोधून चिकटवताना आपली आवृत्ती कोणती हे आधी बघावं.

फोनबुकच्या तपासणीचे दोन नियम या भागात लिहायचे असतात: नाव किमान तीन अक्षरांचं, आणि नंबर एकूण आठ किंवा जास्त लांबीचा, त्यात सुरुवातीला दोन किंवा तीन अंक, मग आडवी रेघ, मग उरलेले अंक. गृहपाठ म्हणून ठीक आहे, पण नियम फिनलंडचे आहेत. पुण्याचा ०२० चा लँडलाइन यात बसतो. नाशिकचा ०२५३, कोल्हापूरचा ०२३१, पणजीचा ०८३२ बसत नाही. दहा अंकी मोबाईल नंबर तर रेघ नसल्यामुळे दारातच अडतो. मराठी कीबोर्डवरून ‘९८’ असे देवनागरी अंक आले तर रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) अंकांचा संक्षेप त्यांना ओळखत नाही, जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी अंकच धरतो. नावाचं आणखी मजेदार. ‘ओम’ची लांबी भरते २, म्हणून ओम नावाचा माणूस फोनबुकात जाऊ शकत नाही, ‘श्री’ची लांबी मात्र ४, कारण श, हलन्त, र आणि वेलांटी असे चार तुकडे वेगळे मोजले जातात.

कोर्सचा गृहपाठ सांगितला तसा करावा, आणि तो झाल्यावर गिटमध्ये एक वेगळी शाखा काढून आपले नियम लिहावेत. देवनागरी अंक आधी इंग्रजी करून घ्यायचे, रेघा आणि मोकळ्या जागा काढायच्या, मग दहा अंक आणि पहिला ६ ते ९ असेल तर मोबाईल. नावाला किमान लांबी १ पुरे, दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून. नावांची यादी साध्या सॉर्टने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये येतो, वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. म्हणून ब्राउझरमधल्या इंटल-कोलेटरला (भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या सोयीला) मराठीचा कोड देऊन क्रम लावावा. एवढं केलं की प्रोजेक्ट उचललेला वाटत नाही. मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं.

आता डिप्लॉयमेंट, म्हणजे अ‍ॅप इंटरनेटवर चढवणं. कोर्स फ्लाय आणि रेंडर या होस्टिंग सेवांचे दोन पर्याय देतो. फ्लायला कार्ड लागतं, म्हणून विद्यार्थी रेंडरकडे वळतात. रेंडरचा फुकटचा सर्व्हर १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपतो आणि जागा व्हायला मिनिटभर घेतो. मुलाखतीत लिंक द्यायची असेल तर आधी स्वतः उघडून त्याला जागं करावं. रेंडरचे सर्व्हर मुंबईत नाहीत, जवळचं ठिकाण सिंगापूर. मंगोच्या अ‍ॅटलास या ऑनलाइन सेवेवर ५१२ एमबीचा फुकट डेटाबेस मिळतो, त्याला मुंबईही आहे आणि सिंगापूरही. मोह मुंबईचा होतो, पण निवडायचं सिंगापूर, कारण डेटाबेस सर्व्हरच्या जवळ हवा, आपल्या जवळ नव्हे. ब्राउझरच्या एका विनंतीसाठी सर्व्हर डेटाबेसकडे पाच वेळा जाऊ शकतो. सर्व्हर सिंगापूरला आणि डेटाबेस फ्रँकफर्टला ठेवला तर प्रत्येक फेरीला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास मोजावे लागतात, मग कोड कितीही घासला तरी पान जड ते जडच.

अ‍ॅटलासला जोडताना तीन ठिकाणी घोळ होतो. जोडायला परवानगी असलेल्या आयपींच्या यादीत फक्त घरचा आयपी असतो, त्यामुळे घरून चालतं आणि रेंडरवरून टाइमआउट येतो, सरावापुरतं ०.०.०.०/० (म्हणजे कुठूनही) टाकतात. पासवर्डमध्ये @ किंवा / आलं की जोडणीचा पत्ता चुकीच्या जागी तुटतो, म्हणून अक्षरं-अंकच ठेवावेत. तिसरा घोळ महाग पडतो: पासवर्ड असलेली डॉट-एन्व्ह फाइल गिटहबवर जाते. पुढच्या कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदीत) ती काढून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. पासवर्डच बदलायचा, लगेच.

आणि एक चूक हमखास होते. फ्रंटएंडमध्ये सर्व्हरचा पत्ता लोकलहोस्ट ३००१ (म्हणजे ‘हेच मशीन’) असा थेट लिहिलेला राहतो आणि तसाच बिल्ड होतो. करणाऱ्याच्या लॅपटॉपवर बॅकएंड चालू असतो, म्हणून सगळं आलबेल दिसतं. दुसऱ्याच्या मोबाईलवर यादी रिकामी. उपाय कोर्समध्येच आहे: पत्ता सापेक्ष (सर्व्हरचं नाव न लिहिता) ठेवायचा, डेव्हलपमेंटमध्ये व्हीट या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या प्रॉक्सीने तो बॅकएंडकडे वळवायचा आणि प्रॉडक्शनमध्ये बिल्ड झालेल्या फाइली एक्सप्रेसनेच द्यायच्या. मग कॉर्सची (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरून डेटा घ्यायला लागणाऱ्या परवानगीची) कटकटही उरत नाही, कारण दोन्हींचा ओरिजिन, म्हणजे मूळ पत्ता, एक होतो. तपासायचं कसं? लॅपटॉप बंद करून, मोबाईलचं वायफाय बंद करून, डेटावर साइट उघडायची.

चौथ्या-पाचव्या भागात टेस्टिंग आणि लॉगिन आहे. आपल्याकडच्या क्लासांत टेस्टिंगची बोळवण शेवटच्या रविवारी होते, इथे दोन अख्खे भाग त्यात जातात. बॅकएंडला नोडचाच टेस्ट रनर, फ्रंटएंडला व्हीटेस्ट, आणि ब्राउझर चालवून बघायला प्लेराइट. टेस्ट कधी पास, कधी फेल असं व्हायला लागलं तर आधी एक गोष्ट बघावी: दोन टेस्ट-फाइली एकाच वेळी एकाच डेटाबेसवर धावतात का. एक फाइल साफसफाई करते, त्याच क्षणी दुसरी मोजणी करते. नोडला टेस्ट-कॉन्करन्सी १ (एका वेळी एकच फाइल) द्यावी, प्रश्न मिटतो. फॉर-ईचमध्ये अवेट (‘थांब’) लिहिलं तर कुणी थांबत नाही. फॉर-ऑफ किंवा प्रॉमिस-ऑल वापरावं. शेवटी डेटाबेसची जोडणी बंद केली नाही तर टेस्ट पास होऊनही टर्मिनल लटकून राहतं. प्लेराइटसाठी डेटाबेस रिकामा करणारा एक खास रूट लिहावा लागतो. तो फक्त टेस्टच्या वातावरणातच जोडायचा असं कोर्स दाखवतो. ती एक अट राहिली तर इंटरनेटवरच्या कुणालाही तुमचा डेटाबेस एका विनंतीत साफ करता येईल. डिप्लॉय केल्यावर त्या पत्त्यावर स्वतः पोस्ट मारून ४०४ येतो का, हे बघावंच.

लॉगिनला जेडब्ल्यूटी टोकन (सर्व्हरने दिलेला ओळखीचा परवाना) आणि पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवायला बीक्रिप्ट. टोकन लोकल-स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवतात. पानात कुणाची स्क्रिप्ट घुसली तर टोकन जाईल, हे कोर्स स्वतःच कबूल करतो, त्यामुळे त्यावर रागवायचं कारण नाही. बीक्रिप्टची एक गोष्ट मात्र माहीत असावी: तो पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे २४ चिन्हं, काना-मात्रा धरून. एखाद्याने अभंगाची अख्खी ओळ पासवर्ड ठेवली तर तिचा उत्तरार्ध कुणी तपासतच नाही. लॉगिनवर प्रयत्नांची मर्यादा घालायचं कामही आपणच जोडायचं.

पाचव्या भागानंतर कोर्सचा जोर विखुरतो. सहावा स्टेट मॅनेजमेंटचा. तिथली साधनं दर एक-दोन वर्षांनी बदलतात, कल्पना समजून घेऊन पुढे जावं. सातव्यात राउटर आणि एक मोठा गृहपाठ आहे, तो करावा. त्यानंतर क्रमांक सोडून द्यावेत: आधी ९, टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारं जावास्क्रिप्ट); मग १३, पोस्टग्रेस (तक्त्यांचा, म्हणजे रिलेशनल, डेटाबेस); मग ११, गिटहब अ‍ॅक्शन्स (टेस्ट आणि डिप्लॉय आपोआप); आणि मग १२, डॉकर (अ‍ॅप सगळ्या साहित्यासह एका डब्यात). तेरावा भाग शेवटी टाकलाय हे पटत नाही. बँका, विमा, ईआरपी, सरकारी कामं, जिथे इथल्या बहुतेक कंपन्या पैसे कमावतात, तिथे रिलेशनल डेटाबेसच असतो. मंगो शिकून जॉइन (दोन तक्ते जोडून माहिती काढणं) न येणारा माणूस तिथे पहिल्या आठवड्यात उघडा पडतो. तेराव्यातलं मायग्रेशनचं प्रकरण खास. टेबलात कॉलम वाढवायचा तर तो बदल कोडसारखा फाइलमध्ये लिहायचा, आणि मागे घ्यायची वाटही लिहायची. ग्राफक्यूएलचा (डेटा मागायची वेगळी पद्धत) ८ आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा (मोबाईल अ‍ॅप) १० हे कामापुरते. नोकरीच्या जाहिरातीत मागितलं तर करावेत.

आता जे कोर्समध्ये नाही ते. वेब इंजिनिअरिंग म्हणजे नुसतं अ‍ॅप लिहिणं नव्हे, ते कुणाच्याही फोनवर, कसल्याही नेटवर चालवणं आहे, आणि इथे कोर्स बराच कोता पडतो. सीएसएस जवळजवळ नाही, फोनबुक शेवटपर्यंत ओबडधोबडच दिसतं. इनपुटच्या आधी नुसता ‘नेम’ असा मजकूर असतो, लेबलचा टॅग नाही. तो पाचव्या भागात येतो. यश-अपयशाची सूचना पाच सेकंदांनी नाहीशी होते. स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला ती कधी आली आणि गेली हे कळतच नाही. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर फोनबुक चालवून बघितलं की काय तुटलंय ते पाच मिनिटांत दिसतं. प्रत्येक इनपुटला लेबल, क्लिक घेणाऱ्या डिव्हच्या (साध्या डब्याच्या टॅगच्या) जागी खरं बटण, सूचनेच्या डब्याला ‘स्टेटस’ हा रोल, मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट: ही एका संध्याकाळची कामं आहेत. हे आता फक्त सौजन्याचंही राहिलेलं नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटलं आहे.

कॅशिंगवर (ब्राउझरने फाइली साठवून ठेवण्यावर) कोर्स फारसा थांबत नाही आणि प्रॉडक्शनमधली निम्मी गूढ दुखणी तिथलीच असतात. व्हीट बिल्ड करताना जावास्क्रिप्टच्या फाइलीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली खूण घालतो. मजकूर बदलला की नाव बदलतं. त्यामुळे अशा फाइलींना वर्षभराची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची कॅश-मुदत बिनधास्त द्यावी आणि ‘इम्म्युटेबल’ (‘बदलणार नाही’) लावावं. मुख्य एचटीएमएल फाइलीचं नाव मात्र कधीच बदलत नाही, म्हणून तिला ‘नो-कॅश’: ठेवा, पण वापरण्याआधी दरवेळी विचारा. लोक नेमकं उलटं करतात. मग नवी आवृत्ती चढवली की ज्यांच्याकडे जुनं एचटीएमएल साठलंय त्यांचा ब्राउझर जुन्या नावाची फाइल मागतो, ती सर्व्हरवर नसते, आणि एकपानी अ‍ॅपच्या नियमानुसार सर्व्हर तिच्या जागी एचटीएमएलच पाठवतो, तेही २०० कोडने. ब्राउझरला जावास्क्रिप्टच्या जागी < ने सुरू होणारं एचटीएमएल मिळतं, कन्सोलमध्ये फाइलचा प्रकार (एमआयएमई टाइप) चुकल्याची तक्रार आणि पडद्यावर पांढरं पान. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे त्यानंतरचं ठरलेलं वाक्य. उपाय दोन: फाइलींच्या फोल्डरमधलं काही सापडलं नाही तर सरळ ४०४ द्यायचा, आणि मागच्या आवृत्तीच्या फाइली काही दिवस सर्व्हरवर राहू द्यायच्या.

वेगाचंही तसंच. गुगलची मापं सरळ आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, मांडणीची हालचाल ०.१ च्या आत राहावी. यातलं प्रतिसादाचं माप मार्च २०२४ पासून बदललं, त्यामुळे जुने लेख वाचताना जपावं. क्रोममधलं लाइटहाउस हे वेग मोजणारं साधन मोबाईलची चाचणी घेताना १५० मिलिसेकंदांचा विलंब, १.६ एमबीपीएसचं नेट आणि चौपट मंद प्रोसेसर गृहीत धरतं. पण तो अंदाजच. घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून बघावं, खरं चित्र तिथे दिसतं. मराठी साइटला फाँटचा भार वेगळा. दोनच वजनं (साधं आणि ठळक) घ्यावीत. नको ती अक्षरं काढून फाँट हलका करताना जोडाक्षरांचे नियम कापले गेले तर ‘क्ष’ फुटून हलन्तासकट सुटा दिसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा सीएसएस नियम देवनागरीला लावू नये, शिरोरेषा तुटते. आणि ओळीची उंची १.५ च्या खाली नेली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात, विशेषतः बटणांत.

मशीनचं म्हणाल तर ८ जीबी रॅम पुरते, बाराव्या भागापर्यंत. तिथे विंडोजवर डॉकर सुरू झाला की डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) निम्मी रॅम घेऊ शकतो. त्याच्या कॉन्फिग फाइलीत त्याहून कमी मर्यादा घालावी. डॉकरसाठी नोडची पूर्ण इमेज (तयार डबा) १ जीबीच्या आसपास जाते, ‘स्लिम’ घ्यावी. प्लेराइट तीन ब्राउझर उतरवून घेतो. डेटा पॅक मोबाईलचा असेल तर फक्त क्रोमियम मागावा. दर गृहपाठाला नोड-मॉड्यूल्सचा (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा) नवा ढीग साचतो, पीएनपीएम हा पॅकेज मॅनेजर वापरला तर एकच साठा सगळ्यांत वाटला जातो. दहावा भाग केलाच तर अँड्रॉइड एम्युलेटरच्या वाटेला न जाता रिअ‍ॅक्ट नेटिव्ह चालवून दाखवणारं एक्स्पोचं अ‍ॅप फोनवर घ्यावं.

एआयचं काय, हे सगळे विचारतात. कोर्स बंदी घालत नाही, जपून वापरा म्हणतो. व्यवहारात एक वाटणी बरी पडते: गृहपाठाचा कोड स्वतः लिहायचा, आणि चालल्यावर तो एआयला दाखवून ‘यात काय मोडेल’ असं विचारायचं. उलट क्रमाने केलं तर चौथ्या भागातली पहिली फेल झालेली टेस्ट बघून काय करावं हेच सुचत नाही.

शेवटी सबमिट करण्याची तऱ्हा, कारण तिथे मेहनत वाया जाते. कोड आपल्या गिटहबवर ठेवायचा, नोड-मॉड्यूल्स वगळून, आणि कोर्सच्या पानावर त्या भागातले किती गृहपाठ झाले त्यावर खुणा करायच्या. एखादा भाग एकदा सबमिट केला की त्यात नंतर भर घालता येत नाही. पाच झाले म्हणून पाठवून दिले आणि उरलेले पुढच्या आठवड्यात करू म्हटलं, तर ते मोजले जात नाहीत. सारखा कोड पकडणारी यंत्रणाही आहे. प्रमाणपत्र पुरेसे गृहपाठ झाले की त्याच पानावरून उतरवता येतं. क्रेडिट हवे असतील तर त्याखेरीज परीक्षा द्यावी लागते आणि हेलसिंकीच्या मुक्त विद्यापीठात नोंदणी करावी लागते. नोंदणीतलं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं, पुढे युरोपात अर्ज करायचा विचार असेल तर विशेषच.